भरतीचं पाणी पडद्यावर

प्रश्न: ताई, नमस्कार. मी मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. कॉलेज कुडाळला, एसटीने सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. दुसऱ्या वर्षाला ‘वेब अ‍ॅनिमेशन आणि इंटरॅक्टिव्ह मीडिया’ हा विषय मी हौसेनं घेतला. दोन महिने झाले आणि आता वाटतंय, चुकलं माझं. सर लॅबमध्ये मेनू दाखवतात, आम्ही तसंच करतो, प्रॅक्टिकलच्या वहीवर सही मिळते. पण पहिल्याच असाइनमेंटचा उसळणारा चेंडू मला धड जमला नाही. माझा चेंडू पडतो, पण पडल्यासारखा वाटत नाही. चित्रकलेत मी शाळेपासून कच्ची. लॅपटॉप भावाचा जुना, ४ जीबीचा, बॅटरी संपलेली. पावसात लाइट गेली की तोही बंद. पुण्यातला एक क्लास सव्वा लाख रुपये मागतोय, सहा महिन्यांत नोकरी म्हणतात. बाबांची छोटी होडी आहे, रापणीतही (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढण्यात) असतात. त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, ‘चित्रां नाचवून पोट भरतला काय गो?’ विषय बदलायचा फॉर्म पंधरा दिवसांत भरायचाय. डेटाबेस घेऊ की हाच ठेवू? क्लाससाठी कर्ज काढावं का?
– एक विद्यार्थिनी, मालवण तालुका

उत्तर:

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘माझा चेंडू पडतो, पण पडल्यासारखा वाटत नाही.’ पोरी, हे ज्याला दिसतं त्याला हा विषय शिकता येतो. सही मिळाल्यावर वही मिटून बसणारी मुलं मी खूप पाहिली आहेत, त्यांचा चेंडू तुझ्यासारखाच पडतो आणि त्यांना त्यात काहीच खटकत नाही. तुला खटकलं. म्हणून आधीच सांगून टाकते: विषय बदलू नकोस, आणि कर्ज काढू नकोस. का, ते आता सविस्तर.

आधी तो चेंडू. सॉफ्टवेअरला तू सांगितलंस की पहिल्या फ्रेमला, म्हणजे पहिल्या स्थिर चित्राला, चेंडू वर आणि चोविसाव्या फ्रेमला खाली. मधल्या फ्रेमा त्यानं स्वतः भरल्या आणि सगळ्या सारख्या अंतरावर भरल्या. पण खरा चेंडू सारख्या अंतरानं पडत नाही. वरून सोडलेली वस्तू पहिल्या क्षणात जेवढं अंतर कापते, त्याच्या तिप्पट दुसऱ्या तेवढ्याच क्षणात, पाचपट तिसऱ्यात, सातपट चौथ्यात. १, ३, ५, ७. गॅलिलिओनं मांडलेला हा हिशोब आहे आणि अकरावीच्या फिजिक्समध्ये तू तो वेगळ्या रूपात सोडवलायस. कागदावर वरून खाली एक रेघ ओढ, तिच्यावर या प्रमाणात चार खुणा कर आणि प्रत्येक खुणेवर एक चेंडू ठेव. वरचे चेंडू एकमेकांना चिकटलेले दिसतील, खालचे लांब लांब. उसळी घेताना हेच उलटं, फक्त उंची कमी. सर्वांत वर चेंडू थोडा रेंगाळतो. तुझ्या चेंडूत ते रेंगाळणं नव्हतं, म्हणून तो दोरीला बांधून खाली सोडल्यासारखा वाटला. सॉफ्टवेअरमध्ये ‘ईझ’ नावाची जी सोय आहे, ती याचसाठी. सरांनी ती दाखवली असेल. कशासाठी आहे ते बहुतेक राहून गेलं. ‘ईझ-इन’ म्हणजे सुरुवात हळू, ‘ईझ-आउट’ म्हणजे शेवट हळू. या दोन नावांत सुरुवातीला सगळ्यांचा गोंधळ होतो, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आता दुसरी गोष्ट, आणि ही तुझ्या दारातली आहे.

भरती कशी चढते, ते तुझ्या बाबांना विचार. ओहोटी पूर्ण झाल्यावर पाणी काही वेळ नुसतं उभं राहतं. मग हळू चढायला लागतं, मधल्या दोन तासांत जोर धरतं, आणि वर पोचता पोचता पुन्हा मंदावतं. जगभरचे दर्यावर्दी यासाठी बारा भागांचा एक ठोकताळा वापरतात. भरतीचे सहा तास धर. पहिल्या तासात एकूण चढाच्या बारातला १ भाग पाणी चढतं, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. म्हणजे निम्मं पाणी फक्त मधल्या दोन तासांत येतं. हा आकडा वाचताना तुझ्या डोक्यात काही वाजलं का? सुरुवात हळू, मध्ये वेग, शेवट हळू. तुमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत ‘ईझ-इन-आउट’ म्हणून जे आहे, ते तू लहानपणापासून पायरीवर बसून बघतेयस.

तुझा पहिला खरा प्रकल्प मी तुला यातूनच देते. भरती-ओहोटीचं एक पान कर. एकच पान. वर आकाश, खाली पाणी, पाण्यावर एक होडी, आणि तळाशी बोटानं सरकवायची एक पट्टी. पट्टीवर तिथी. बोट सरकलं की पान त्या दिवशी भरती किती वाजता येईल ते सांगेल, आणि पान उघडं ठेवलं की पाणी त्या चालीनं चढेल-उतरेल.

वेळ कुठून आणायची? कोकणात जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, तिथीचा आकडा तोच. दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरला कळणाऱ्या भाषेत, ही एका ओळीची गोष्ट आहे. पण ती ओळ लिहून पट्टी सरकव आणि नीट बघ. चतुर्दशीवरून पौर्णिमेवर जाताना वेळ पाऊण तासानं पुढे जाईल, आधीच्या सगळ्या तिथींसारखीच. आणि पौर्णिमेवरून प्रतिपदेवर जाताना? सव्वाअकरावरून एकदम पाऊण. दीड तासाची उडी. तू पहिल्यांदा म्हणशील, माझा कोड चुकला. कोड बरोबर आहे. तोंडी हिशोब सोपा राहावा म्हणून पूर्वजांनी पाऊणपट घेतली, त्याचा सांधा तिथे उघडा पडतो. पंधरा तिथींत बारा तास बसवायचे तर एका तिथीला ४८ मिनिटं यायला हवीत, ४५ नव्हेत. ४८ घातलीस की उडी जाईल. हे मी तुला मुद्दाम सांगून टाकलं, तरी स्वतः करून बघ. हललेली गोष्ट डोळ्यांना काय दाखवते ते तिथे कळेल. तिथ्यांचा तोच तक्ता कागदावर लिहिलेला असता तर त्या उडीकडे लक्षही गेलं नसतं.

एवढं झालं की पान बाबांना दाखव आणि विचार, आपल्या बंदरात हे किती पुढे-मागे असतं. सगळ्या किनाऱ्याला भरती एकाच मिनिटाला लागत नाही. बाबा म्हणतील तेवढी मिनिटं बेरीज-वजाबाकी कर. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, म्हणून पाण्याची उंचीही तिथीप्रमाणे कमी-जास्त ठेव. आणि पानाच्या खाली ठळक लिही: हा अंदाज आहे, समुद्रात जाण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्तेच पाहावेत. तुझ्या पानावर विसंबून कुणी होडी पाण्यात लोटणं बरं नाही. पान बनवणाऱ्याची ती जबाबदारी आहे आणि ती पहिल्या दिवसापासून अंगी लागलेली बरी.

लॅपटॉपची चिंता यात सुटते. या पानासाठी ४ जीबी भरपूर झाले. साधा टेक्स्ट एडिटर आणि ब्राउझर, बस्स. चित्रं कोडनं काढायची असतील तर पी-फाइव्ह-जेएस घे. २००१ साली केसी रिआस आणि बेन फ्राय यांनी कलावंतांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून ‘प्रोसेसिंग’ काढलं. त्याच विचारावर लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ साली ब्राउझरसाठी पी-फाइव्ह-जेएस सुरू केलं. फुकट आहे, आणि त्याची फाइल एकदा कॉलेजच्या वायफायवर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवलीस की घरी नेट नसलं तरी चालतं. हातानं आकार काढायचे तर इंक्स्केप, तेही फुकट. लाइट गेली की वही घे. माझ्या मते निम्मं अ‍ॅनिमेशन वहीतच व्हायला हवं: कोणत्या फ्रेमला काय, किती वेळ थांबायचं, कुठे वेग घ्यायचा. मशीनसमोर बसल्यावर नुसतं ते भरायचं असतं. पावसाळ्यातल्या संध्याकाळी त्यासाठी काही वाईट नाहीत.

आता चित्रकला. ‘कच्ची आहे’ म्हणून लिहिलंस ना? दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला होता. त्यात आगकाड्या हलतात. काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचं, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चित्र. तुझ्याकडे त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगला कॅमेरा आहे, तो खिशात असतो. एका सेकंदाला १२ चित्रं पुरतात, म्हणजे पाच सेकंदांना ६०. चिंचोके घे, शिंपले घे. एक शिंपला टेबलावर कुर्लीसारखा, खेकड्यासारखा तिरका चालवून दाखव. मोबाइल दोन विटांमध्ये घट्ट बसव, त्याला हात लागला तर सगळं चित्र थरथरतं. खिडकीचा उजेड घेऊ नकोस. ढग आला-गेला की प्रत्येक चित्राची छटा बदलते आणि चालवल्यावर पडदा लुकलुकतो. रात्री एका दिव्याखाली कर आणि कॅमेऱ्याचा उजेड लॉक करून ठेव. सगळी चित्रं काढून झाल्यावर तुला कळेल, शिंपला दोन चित्रं जागेवर थांबवला की तो विचार करतोय असं वाटतं. हे कळण्यासाठी चांगला हात लागत नाही.

आणि बघायला शीक. रापण ओढतात तेव्हा तू किनाऱ्यावर असतेस. यापुढे एकाच माणसाकडे बघ. दोर ओढण्याआधी त्याचं अंग आधी पुढे झुकतं. मग टाच वाळूत रुतते, गुडघा वाकतो, पाठ मागे जाते, आणि हात सगळ्यांत शेवटी ताणले जातात. ओढून झालं तरी डोकं क्षणभर मागेच राहतं. जाळं जसजसं किनाऱ्याजवळ येतं, तसा प्रत्येक ओढीला लागणारा वेळ वाढतो. डिस्नेच्या स्टुडिओतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं लिहून ठेवली. तुमच्या अभ्यासक्रमात ती असणारच. त्यांतलं ‘अँटिसिपेशन’ म्हणजे ते आधी पुढे झुकणं, आणि ‘फॉलो थ्रू’ म्हणजे ते मागे राहिलेलं डोकं. परीक्षेत व्याख्येखाली उदाहरण म्हणून रापण लिही. कुठल्याही परीक्षकाला पटेल.

कुडाळला रोज जातेस तर एक दिवस पिंगुळीला उतर. हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या ठाकर आदिवासी कलावंतांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत एका कथेची सगळी चित्रं मिळून पोथी होते. सांगणारा एक चित्र उभं करतो, गातो, समोरचे लोक बघून कुठे थांबायचं, कुठे लांबवायचं ते ठरवतो, मग पुढचं चित्र. तुमच्या विषयाच्या नावातला ‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द मला सर्वांत नीट कळला तो असा खेळ बघताना. पडद्यावर बटण आलं म्हणून काही इंटरॅक्टिव्ह होत नाही. समोरच्यानं काही केलं की चित्रानं त्याला लगेच उत्तर द्यायला हवं. स्पर्श झाल्यापासून साधारण एक दशांश सेकंदाच्या आत पडद्यावर काही हललं तर माणसाला ते आपण केलं असं वाटतं. त्याहून उशीर झाला की तो पुन्हा बोट मारतो.

छायाबाहुलीचा हात खांद्यापाशी कसा बांधलाय, तेही जवळून बघ. गाठ जिथे, तिथून हात फिरतो. वेबवर त्या गाठीला ‘ट्रान्सफॉर्म-ओरिजिन’ म्हणतात, आणि इथे तू हमखास अडकणार आहेस, म्हणून आताच सांगते. साध्या एचटीएमएलच्या चौकोनाची गाठ आपोआप त्याच्या मध्यावर असते. पण एसव्हीजीमध्ये, म्हणजे वेबवर रेषांनी चित्र काढायच्या पद्धतीत, काढलेल्या आकाराची गाठ आपोआप सगळ्या चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असते. त्यामुळे नाखव्याचा हात फिरव म्हटलं की तो खांदा सोडून पडद्यावर भलतीकडेच भिरभिरतो. त्या आकाराला ‘ट्रान्सफॉर्म-बॉक्स’ची किंमत ‘फिल-बॉक्स’ दे आणि मग गाठ खांद्यापाशी ठेव. मी शिकत होते तेव्हा अशाच एका गाठीपायी एक अख्खी रात्र घालवली होती.

मराठीत काम करताना आणखी एक खड्डा लागतो, आणि इंग्रजीतल्या धड्यांत तो सापडणार नाही. अक्षरं एकामागून एक उड्या मारत येतात, तसला परिणाम सगळ्यांना करावासा वाटतो. धड्यातला कोड शब्द तोडून त्याचे तुकडे करतो. ‘किनारा’ला तो लावलास की क वेगळा, वेलांटी वेगळी, न वेगळा, काना वेगळा. सुटी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळासकट पडद्यावर येते. ‘मत्स्य’सारख्या जोडाक्षराची तर दशाच होते. नव्या ब्राउझरात ‘इंटल डॉट सेगमेंटर’ आहे, तो अक्षरं बरीच नीट तोडतो. तरी शिरोरेषा तुटतेच, आणि तुटलेली शिरोरेषा मराठी डोळ्याला बोचते. माझा सल्ला: मराठीत अक्षर हलवू नकोस, शब्द हलव. अख्खा शब्द वर येऊ दे. वाचायलाही सोपं.

पान बाबांच्या फोनवर बघ, लॅपटॉपवर नव्हे. उन्हात, किनाऱ्यावर उभं राहून. फिका निळा रंग उन्हात दिसतच नाही, हे तिथेच कळेल. माउस वर नेल्यावर रंग बदलणारी बटणं तिथे निरुपयोगी, बोटाला ‘वर नेणं’ नसतं. ओल्या, जाड बोटाला पट्टी धरता येते का बघ, नाही तर मोठी कर. होडी अडखळत सरकत असेल तर बहुतेक तू ‘टॉप’ आणि ‘लेफ्ट’, म्हणजे तिचं वरून आणि डावीकडून अंतर, बदलत असशील. तसं केलं की प्रत्येक फ्रेमला ब्राउझर पानाची सगळी मांडणी पुन्हा मोजतो. सेकंदाला ६० फ्रेमा हव्या तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, स्वस्त फोनला तेवढ्यात ते जमत नाही. ‘ट्रान्सफॉर्म’ (सरकवणं-फिरवणं) आणि ‘ओपॅसिटी’ (पारदर्शकपणा) एवढंच हलव. आणि काही लोकांना पडद्यावर फार हलणारं बघितलं की घेरी येते. त्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करण्याचं सेटिंग लावलेलं असतं. ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’नं ते तुझ्या पानाला कळतं. कळलं की लाटा थांबव, पाण्याची पातळी तेवढी दाखव. लखलखणारी वीज दाखवायचा मोह झाला तर एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकवू नकोस, फेफरं येणाऱ्यांना त्यानं अपाय होऊ शकतो.

आता क्लास. सव्वा लाख ही तुमच्या घरात एका हंगामाची गोष्ट असेल, त्यामुळे मी यावर स्पष्टच बोलते. मी स्वतः फ्लॅश शिकून या कामात आले. तेव्हा वेबवर हलणारं जे काही दिसायचं ते बहुतेक फ्लॅशमध्ये केलेलं असायचं, आणि ‘फ्लॅश येतं’ एवढं सांगितलं की काम मिळायचं. १९९६ साली ते जन्मलं, २००५ साली मॅक्रोमीडिया या कंपनीबरोबर अडोबीकडे गेलं, २०१७ साली ते बंद करायचं जाहीर झालं आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा कारभार संपला. माझी कितीतरी वर्षांची कामं ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. काही आता रफल नावाच्या फुकट सोयीनं पुन्हा चालतात, पण बऱ्याच कामांच्या मूळ फाइलीच नाहीत; मी जिथे काम करत होते तिथे त्या कुणी जपल्या नाहीत, आणि मीही माझ्यापाशी प्रत ठेवली नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण भरती कशी चढते, वजन कसं ओढलं जातं, कुठे थांबायचं, हे जे तेव्हा हातात आलं त्याच्यावर मी आजही पोट भरते. क्लासवाले सहा महिन्यांत एक सॉफ्टवेअर शिकवतील. ते तुला तुझ्या लॅबमध्ये आताही मिळतंय. नोकरीची हमी लेखी मागून बघ, आणि आधीच्या दोन विद्यार्थ्यांचं काम दाखवा म्हणावं. मागच्या बॅचचं काम दाखवायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच. तुझ्या स्वतःच्या प्रत्येक कामाची मूळ फाइल मात्र दोन ठिकाणी ठेव, आजपासून.

डेटाबेस वाईट विषय नाही, उद्या लागेलही. पण तुला तो आवडतो असं पत्रात कुठे दिसलं नाही. भीती वाटते म्हणून तिकडे जाऊ नकोस. सरांशीही भांडू नकोस. ते सांगतील ती असाइनमेंट करून टाक, मार्क घे, आणि एकदा लॅब सुटल्यावर तुझा चेंडू त्यांना दाखवून विचार, हा पडल्यासारखा का वाटत नाही? मेनू शिकवणाऱ्या शिक्षकालाही असा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. उत्तर देताना त्यांनाही बरं वाटेल.

उरले बाबा. त्यांच्या प्रश्नाला मी तोंडी उत्तर देऊ शकते: शाळांचे धडे, बँकांची अ‍ॅप, म्युझियममधले पडदे, होमस्टेच्या वेबसाइट, सगळीकडे हे काम लागतं, मात्र पहिली दोन-तीन वर्षं पगार बेताचा असतो आणि मालवणात बसून सुरुवातीला काम मिळेलच असं नाही. हे त्यांना खरं खरं सांग. पण नुसत्या सांगण्यानं त्यांचं समाधान होणार नाही, आणि व्हावं तरी का? फाळक्यांनाही सिनेमा काढतो म्हटल्यावर कुणी पैसे द्यायला तयार नव्हतं. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, रोज त्याचं थोडं थोडं चित्रण केलं, आणि रोप डोळ्यांदेखत उगवताना लोकांना दाखवलं. मग भांडवल उभं राहिलं, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तुझ्याकडे वाटाण्याच्या जागी भरती आहे, आणि ती बाबांच्या रोजच्या कामाची आहे. त्यांच्यासमोर पट्टी सरकव. ते चुका काढतील. ‘हयसर पानी येवढा चढणा नाय’ म्हणतील. त्या चुका लिहून घे, दोन दिवसांत दुरुस्त करून पुन्हा दाखव.

फॉर्मवर याच विषयाचं नाव राहू दे. येत्या अमावस्येला भरती बंदरात किती वाजता लागली ते घड्याळात बघून वहीत लिही, आणि शेजारी तुझ्या पानानं सांगितलेली वेळ. दोन्हींतला फरक मला कळव.